नियमाची शीव

मंडळी, आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण आहे पाण्याचा आणि वाऱ्याचा. नळातून पाणी वाहतं तेव्हा नळाच्या भिंतीपाशी त्याचा वेग किती असतो, आणि भिंतीपासून दूर जावं तसा तो कोणत्या हिशेबानं वाढतो, एवढाच प्रश्न. या प्रश्नावर जगातली भली भली माणसं शंभर वर्षं डोकं घालून बसली आहेत आणि अजूनही शेवटचा शब्द झालेला नाही. मला हे भांडण फार आवडलं. त्यावरून शाळेत विज्ञान कसं शिकवावं याबद्दल माझं एक मत पक्कं झालं, तेच आज मांडते आहे. मी भौतिकशास्त्राची नव्हे, मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. त्यामुळे गणित जिथे जड झालं तिथे हिशेब व्याजाच्या भाषेत करून घेतला आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. पाठ्यपुस्तकात एखादा नियम छापला, की शेजारी त्याची शीवही छापावी. तो कुठून कुठपर्यंत चालतो, कोणी कशावर मोजून ठरवला, आणि त्यातला आकडा कितपत पक्का आहे, हे दोन ओळींत लिहावं. बस्स. आता हे मी कशावरून म्हणते ते सांगते.

घरातल्या पंख्याच्या पात्यांवर धूळ बसलेली सगळ्यांनीच पाहिली आहे. पंखा दिवसभर गरगरत असतो, मग ती धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या दृष्टीनं ती जागची हलतच नाही. पाण्याचंही तसंच. नळाच्या आतल्या भिंतीला टेकलेलं पाणी स्थिर, आणि मधोमध सगळ्यात जास्त वेग. या दोन टोकांच्या मध्ये काय होतं, ते सगळं नाटक.

पाणी अगदी सावकाश वाहत असेल तर नाटक फारसं नाही. थरावर थर सरकतात आणि गणित सुटसुटीत असतं. फ्रान्समधला प्वाझय नावाचा एक डॉक्टर रक्त बारीक नळ्यांतून कसं वाहतं याच्या नादात १८४० च्या सुमारास या प्रवाहाचा नियम मोजून बसला. पण वेग वाढला की थर मोडतात, भोवरे उठतात. मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून हे दाखवलं. वेग कमी असताना रंगाची रेघ दोऱ्यासारखी सरळ जायची, आणि एका टप्प्यानंतर एकाएकी विस्कटून सगळ्या पाण्यात मिसळायची. विस्कटलेल्या प्रवाहाला आपल्याकडे संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. मी त्याला खळबळीचा प्रवाह म्हणणार आहे.

हा टप्पा कळायला रेनॉल्ड्सनं एक आकडा दिला. वेगाला नळीच्या रुंदीनं गुणायचं आणि पाण्याच्या चिकटपणानं भागायचं. साधारण २,००० च्या खाली शांत प्रवाह, त्याच्या बऱ्याच वर गेलं की खळबळ. आपल्या घरातल्या अर्ध्या इंची नळात पाणी सेकंदाला एक मीटर धावत असेल, तर हा आकडा १५,००० च्या आसपास येतो. म्हणजे रोज आंघोळीला बादली भरताना आपण खळबळीचाच प्रवाह वापरतो. आणि भिंतीलगतचा खरा संथ थर? त्या नळात तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. सगळं भांडण त्या थराच्या जरा पलीकडच्या प्रदेशाचं आहे.

तर त्या प्रदेशात वेग कसा वाढतो? दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष म्हणतो, भिंतीपासूनचं अंतर दुप्पट झालं की वेगात दर वेळी ठरावीक रकमेची भर पडते. पुन्हा दुप्पट, पुन्हा तेवढीच भर. हे झालं सरळ व्याज. गणितात याला लॉगचा नियम म्हणतात. अकरावीला लॉगची कोष्टकं उलटलेली मंडळी ओळखतील.

दुसरा पक्ष म्हणतो, अंतर दुप्पट झालं की वेग ठरावीक पटीनं वाढतो. म्हणजे चक्रवाढ व्याज. हा घातांकाचा नियम.

आता गंमत पाहा. आपल्या साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, आणि कोयनेच्या बाजूला वनकुसवड्याला पवनचक्क्या आहेत. जमीन हीसुद्धा एक भिंतच, फक्त आडवी. हवामान खातं वारा मोजतं जमिनीपासून १० मीटरवर, आणि पवनचक्कीचा आस असतो त्याच्या कितीतरी वर. तिथला वारा कागदावर काढायचा तर यांपैकी एखादा नियम लावावा लागतो. समजा, १० मीटरवर वारा सेकंदाला ५ मीटर आहे आणि जमीन म्हणजे गवताचं मोकळं माळरान. लॉगच्या नियमानं २० मीटरवर ५.६, ४० वर ६.२ आणि ८० वर ६.८ येतात. घातांकाच्या नियमात एक-सप्तमांश हा जुना ठरलेला घातांक घातला, तर तेच आकडे ५.५, ६.१ आणि ६.७ येतात. १६० मीटरवर दोन्हींचं उत्तर ७.४! आता यांतलं खरं कोणतं, हे वाऱ्याच्या झोतांत हेलकावणाऱ्या यंत्रावरून कसं ओळखायचं?

व्याजाचाच हिशेब करा. एकाला १२ टक्के सरळ व्याज आणि दुसऱ्याला साडेदहा टक्के चक्रवाढ. पहिली पाच-सहा वर्षं दोघांची पासबुकं जवळजवळ सारखी दिसतील. दहा वर्षांनी मात्र एकाच्या ५ रुपयांचे ११ झालेले असतील आणि दुसऱ्याचे साडेतेरा. फरक उघड व्हायला लांब पल्ला लागतो. इथलं एक ‘वर्ष’ म्हणजे अंतर एकदा दुप्पट होणं, म्हणजे दहा वर्षांसाठी अंतर हजारपट व्हायला हवं. साध्या प्रयोगशाळेतल्या नळीत एवढी जागा मिळतेच कुठे? म्हणून हे भांडण इतकं लांबलं.

आता थोडा इतिहास. माझा जुना विषय आहे, थोडक्यात आवरते.

जर्मनीतल्या ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल नावाचे प्राध्यापक होते. भिंतीलगतच्या पातळ थराकडे लक्ष द्या, सगळं रहस्य तिथे आहे, हे त्यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत सांगितलं. त्या थराला सीमास्तर म्हणतात. त्यांचेच विद्यार्थी थिओडोर फॉन कार्मान पुढे आखेनला प्राध्यापक झाले आणि गुरु-शिष्यांत चुरस लागली. आधी एक-सप्तमांश घातांकाचा नियम आला आणि तो बरा चालायचा. पण ग्योटिंगेनलाच योहान निकुराडसे यांनी १९३२ साली गुळगुळीत नळ्यांवरची मोजमापं प्रसिद्ध केली, त्यांत रेनॉल्ड्सचा आकडा ३२ लाखांपर्यंत नेलेला होता. त्यात दिसलं की घातांक एका जागी थांबत नाही. आकडा लहान असताना एक-षष्ठांश, लाखाच्या पुढे एक-सप्तमांश, वीस-तीस लाखांना एक-दशांश. व्याजाचा दरच बदलत असेल तर त्याला नियम कसं म्हणायचं? कार्माननी १९३० साली लॉगचा नियम मांडला होता, प्रांटलही वेगळ्या वाटेनं तिथेच आले, आणि निकुराडसेंचे आकडे त्यावर छान बसले. त्या नियमात एक स्थिरांक येतो, त्याला कार्मानचा स्थिरांक म्हणतात. किंमत ०.४. पुस्तकांत कुठे ०.४०, कुठे ०.४१.

१९३८ साली क्लार्क मिलिकन यांनी या नियमाला जो युक्तिवाद दिला तो मला इतका आवडला, की एखाद्या वर्गाला शिकवायला मिळावा असं वाटलं. (हे मिलिकन म्हणजे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या मिलिकनांचे चिरंजीव.) ते म्हणतात, भिंतीजवळच्या पाण्याला नळ केवढा रुंद आहे याची खबर नसते. मधोमधच्या पाण्याला चिकटपणाची खबर नसते. मग मधे एक पट्टा असा असणार जिथे दोन्ही बाजूंचे कायदे एकदम लागू पडतात, आणि म्हणूनच तिथे ना रुंदीचा हुकूम चालतो ना चिकटपणाचा. दोन गावांच्या शिवेवरचा माणूस समजा. त्याला दोन्ही गावांच्या रीती पाळायच्या आहेत. तर त्याच्याकडे एकच वाट उरते, आणि गणितात ती वाट लॉगची निघते. नळात काय चाललंय हे न पाहता, नुसत्या कोणाला कोणाची खबर आहे एवढ्यावरून!

पुढची पन्नासेक वर्षं हा नियम पुस्तकांत विराजमान झाला. जहाजं, विमानं, नळयोजना, सगळ्यांचे हिशेब त्यावर झाले. आणि १९९३ साली ग्रिगोरी बारेनब्लाट या रशियन गणितज्ञानं हात वर केला. हे कोल्मोगोरोव्ह यांचे शिष्य, म्हणजे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हतं. त्यांचं म्हणणं, चिकटपणाची खबर मधल्या पट्ट्यात पोचत नाही हे तुम्ही गृहीत धरलंत, सिद्ध कुठे केलंत? खळबळ कितीही वाढली तरी चिकटपणाचा माग राहतोच. म्हणून घातांकाचाच नियम खरा, फक्त घातांक रेनॉल्ड्सच्या आकड्याबरोबर सावकाश घटत जातो, आणि कसा घटतो त्याचं सूत्र हे घ्या. म्हणजे निकुराडसेंच्या आकड्यांतली जी गोष्ट इतरांनी दोष म्हणून पाहिली, तिलाच यांनी नियम केलं. बर्कलीचे कोरिन त्यांच्या बाजूला आले.

आता निकाल लावायचा तर पल्ला हवा. अमेरिकेत प्रिन्स्टनला स्मिट्स आणि झगारोला यांनी एक युक्ती केली. नळी सुमारे १३ सेंटिमीटर व्यासाचीच ठेवली, पण आतली हवा दाबून दाबून १८७ वातावरणांपर्यंत नेली. दाबलेली हवा जड होते, आणि त्या मानानं चिकटपणाचा प्रभाव घटतो. त्यामुळे त्याच नळीत रेनॉल्ड्सचा आकडा ३१ हजारांपासून साडेतीन कोटींपर्यंत चढवता आला. १९९८ साली निष्कर्ष आले. भिंतीजवळच्या एका पट्ट्यात घातांकाचा नियम, त्याच्या पलीकडे लॉगचा, आणि कार्मानचा स्थिरांक ०.४३६! म्हणजे दोघांनाही थोडं थोडं, आणि जुन्या ०.४ लाही धक्का.

भांडण मिटलं? छे. बारेनब्लाट म्हणाले, वरच्या आकड्यांना तुमची नळी पुरेशी गुळगुळीत राहिली नाही, तिचा खडबडीतपणा मधे आला. इतरांनी मोजायच्या नळीकडे बोट दाखवलं. वेग मोजायला जी बारीक पिटॉ नळी आत घालतात, तिला स्वतःची जाडी असते, आणि भिंतीजवळ ती जाडीच मोजमाप बिघडवते. ती दुरुस्ती करून त्याच प्रयोगशाळेत पुन्हा मोजलं, तर २००४ साली ०.४२१ आला. २०१४ साली आणखी काळजीपूर्वक हिशेब मांडला, तेव्हा उत्तर आलं ०.४०, आणि शेजारी लिहिलं, ०.०२ इकडे किंवा तिकडे. दरम्यान स्टॉकहोम आणि शिकागोच्या मंडळींनी सपाट पाटीवरच्या वाऱ्यात २००० साली ०.३८ काढला होता. २०१५ मध्ये ली आणि मोझर यांनी महासंगणकावर नुसत्या गणितानं दोन समांतर भिंतींमधला प्रवाह सोडवला, तिथे लॉगचा पट्टा दिसला आणि स्थिरांक ०.३८४ आला. इटलीत प्रेदाप्पिओला जुन्या विमान कारखान्याच्या बोगद्यांत शंभर मीटरहून लांब आणि ९० सेंटिमीटर व्यासाची नळी बसवली आहे. प्रिन्स्टनच्या उलट विचार: नळीच इतकी मोठी करा की भिंतीजवळचे बारीक भोवरेही यंत्राला नीट दिसावेत.

आज बहुतेक जाणकार लॉगच्या बाजूला आहेत. पण स्थिरांक सगळ्या प्रवाहांना एकच, की नळीचा वेगळा आणि पाटीचा वेगळा, यावर अजून एकमत नाही.

यात आपला भारतही आहे, बरं का. इस्रोचे अध्यक्ष म्हणून आपण सतीश धवन यांना ओळखतो. पण त्यांचा अमेरिकेतला १९५१ चा प्रबंध होता भिंतीवरचं वाऱ्याचं घर्षण थेट मोजण्यावर. भिंतीचा एक छोटासा तुकडा सुटा ठेवायचा आणि वारा त्याला किती ओढतो ते मोजायचं. या साऱ्या वादात भिंतीवरची ओढ हेच मुख्य माप आहे, आणि ते अंदाजानं न काढता थेट मोजणं ही मोठी गोष्ट. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांचे विद्यार्थी रोद्दम नरसिंह (१९३३–२०२०) यांनी राव आणि बद्री नारायणन यांच्यासह १९७१ साली एक निबंध लिहिला. भिंतीजवळची खळबळ एकसारखी नसते, ती उसळ्या मारते. या उसळ्या किती वेळानं येतात? सगळ्यांना वाटत होतं की भिंतीजवळची गोष्ट, तेव्हा भिंतीचंच घड्याळ चालणार. यांना दिसलं की घड्याळ बाहेरच्या मोठ्या प्रवाहाचं आहे. म्हणजे भिंतीजवळच्या पाण्याला दूरची खबर असते! मिलिकनांच्या सुरेख युक्तिवादाच्या मुळाशीच हा प्रश्न जातो. त्यावरही पुढे वाद झाले. असो.

आता माझ्या मुद्द्याकडे येते.

ही सगळी हकीकत एका मैत्रिणीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे त्यांनाच काही कळलेलं नाही म्हण की!” आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हा सूर नेहमी असतो. शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग आमचं मत काय वाईट? २०२० साली करोनाच्या दिवसांत सूचना बदलत गेल्या, तेव्हा तर हे वाक्य उठता-बसता ऐकू आलं.

मला हे मान्य नाही. वाद कशावर आहे ते नीट पाहा. भिंतीपाशी वेग शून्य, यावर वाद नाही. दूर जाताना वेग आधी झपाट्यानं आणि मग सावकाश वाढतो, यावर नाही. माळरानावर ८० मीटरला वारा ६.७ की ६.८, इतपतच फरक आहे, १० की २० असा नाही. स्थिरांक ०.३८ ते ०.४४ च्या दरम्यान फिरला, दोनवर गेला नाही. जाणकारांचा वाद आणि अडाण्याचा अंदाज यांत हाच फरक. वाद करणाऱ्यानं आपली शीव आखलेली असते. ‘आमचं मत’ म्हणणाऱ्याला शीवच नसते.

पण दोष निम्मा आम्हा शाळावाल्यांचा, हेही तितकंच खरं. आपण मुलांना दहा-बारा वर्षं नियम असे शिकवतो, जणू ते ताम्रपटावर कोरलेले. चौकटीत नियम, खाली सूत्र, त्याखाली दोन उदाहरणं, आणि उत्तर तंतोतंत येणार. अशा मुलाला मोठेपणी दोन तज्ज्ञ दोन आकडे सांगतात, तेव्हा त्याला दोनच वाटा दिसतात. एकाला देव मानायचं, नाहीतर दोघांनाही लबाड ठरवायचं. तिसरी वाट, म्हणजे ‘कोणी कशावर मोजलं आणि कुठपर्यंत मोजलं’ हे विचारणं, आपण त्याला दाखवलेलीच नसते.

आणि याला पैशाची बाजूही आहे. पवनचक्कीची वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वर मोकळ्या माळरानाचं उदाहरण घेतलं. त्याऐवजी जमीन झाडाझुडपांची, बांधांची असेल, तर लॉगच्या नियमात जमिनीच्या खडबडीतपणाचा आकडा बदलतो, आणि १० मीटरपासून १०० मीटरपर्यंत जाताना वेग १.४ पटीऐवजी १.६५ पट होतो. घन केला तर पावणेतीन पट आणि साडेचार पट! ज्यानं एक-सप्तमांश हा घातांक पाठ करून डोळे मिटून लावला, त्याचा हिशेब कुठल्या कुठे गेला. आणि चाळकेवाडीसारख्या पठाराच्या कडेवर तर दोन्ही नियम लंगडे, कारण दोघांनीही सपाट जमीन गृहीत धरली आहे, आणि कड्यावरून चढणारा वारा वेगळ्याच तऱ्हेनं वागतो. या धंद्यात असलेल्या माझ्या भाच्याला मी विचारलं, तुम्ही कोणता नियम मानता? तो म्हणाला, “मावशी, आम्ही मनोरा उभा करतो आणि वर्षभर मोजतो. नियम त्यानंतर, उरलेल्या उंचीपुरता.” मला वाटतं, नियम वापरायची हीच रीत. आधी शीव बघायची.

यावर एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, कारण शिक्षकांच्या खोलीत मी आयुष्य काढलं आहे. मुलांचा गोंधळ होईल. आधीच अभ्यासक्रम संपत नाही, त्यात हे वाद कुठे घुसडता? परीक्षेत काय लिहायचं?

आक्षेप खोटा नाही. पाचवीच्या मुलाला कार्मान आणि बारेनब्लाट सांगा असं मी म्हणत नाही. लहानपणी पाढे पाठच व्हायला हवेत, तिथे शंका नकोत. पण नववी-दहावीची मुलं? त्यांच्या घरी मालमत्तेचे वाद चालतात, निवडणुकांचे वाद चालतात, क्रिकेटच्या पंचांचे तर विचारूच नका. त्यांना वाद कळतो. विज्ञानातला वाद मात्र आपण त्यांच्यापासून लपवून ठेवतो. इतिहासात निदान ‘याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत’ असं एक वाक्य असायचं, आणि मला आठवतं, वर्गातली झोपाळू मुलंसुद्धा त्या वाक्याला कान टवकारायची.

वेळेचं म्हणाल तर एक तास पुरे. फळ्यावर दोन रकाने लिहा. ५, ५.६, ६.२, ६.८ आणि ५, ५.५, ६.१, ६.७. कोणता रकाना कोणत्या नियमाचा ते आधी सांगू नका. मुलांना आलेखाच्या कागदावर बिंदू मांडू द्या. मग तिसरा रकाना द्या, मोजलेल्या आकड्यांचा, त्यात थोडी चूक मिसळलेली. विचारा, कोणता नियम खरा? वर्गाचे दोन तट पडतील. पडू द्यात. मग विचारा, निकाल लागायला आणखी काय मोजावं लागेल? त्यांतला एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणेल, “बाई, अजून वर जाऊन मोजायला पाहिजे.” तेवढं उत्तर आलं की माझ्या मते तास सार्थकी लागला. प्रिन्स्टनच्या मंडळींनी साडेतीन कोटींपर्यंत जाऊन दुसरं काय केलं?

आणि परीक्षेत लिहायला पुस्तकात त्या दोन ओळी असतीलच. ‘हा नियम भिंतीच्या अगदी जवळ आणि प्रवाहाच्या मधोमध लागू नाही. स्थिरांक साधारण ०.४, वेगवेगळ्या प्रयोगांत ०.३८ ते ०.४४.’ यानं कोणाचं काय बिघडलं? उलट पुढे इंजिनियर होणाऱ्या मुलीला आयुष्यभर कामाला येईल अशी गोष्ट तिला पंधराव्या वर्षीच मिळाली.

जाता जाता एक गोष्ट. ०.४३६ ची २०१४ साली ०.४० झाली ती त्याच प्रयोगशाळेच्या नळीवर आणि त्याच गटाच्या सहभागानं. आपलाच गाजलेला आकडा त्यांनी पुन्हा तपासला, बदलला, आणि शेजारी ‘०.०२ इकडे-तिकडे’ असं प्रांजळपणे छापलं. शाळेत आम्ही मुलांना खाडाखोड केली म्हणून गुण कापत होतो, आता पुन्हा वर्गात जायला मिळालं तर मी अशा खाडाखोडीला एक गुण जास्त देईन.

तुमच्यापैकी जे अजून शिकवत आहेत त्यांनी तो दोन रकान्यांचा तास घेऊन पाहावा आणि वर्गात काय झालं ते मला जरूर कळवावं. तट पडले की नाही, आणि कोणत्या बाजूला जास्त मुलं गेली, याची मला खरोखर उत्सुकता आहे. माझा अंदाज सरळ व्याजाचा आहे. चक्रवाढवाल्यांनी आपापले आकडे घेऊन यावं.